आही, आजी आणि पॅटरसनची पाव कोंबडी

(एपिसोडचं शब्दांकन. बोलताना झालेली अडखळ, मध्येच लाइट गेली तेवढा भाग आणि मागं ओरडणारा कोंबडा काढून टाकलाय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज नांदगाव खंडेश्वरवरून बोलतोय, घरच्या वरच्या खोलीतून. त्यामुळं मध्येच ट्रॅक्टर ऐकू आला तर तो खराच ट्रॅक्टर आहे, साउंड इफेक्ट नाही.

मागच्या एपिसोडनंतर तीन-चार जणांनी साधारण एकच प्रश्न पाठवला. "दादा, ऑनसाइट आलोय. रोज डोसा, पनीर टिक्का आणि पिझ्झा खाऊन कंटाळा आला. दुसरीकडं गेलं तर मेन्यूच समजत नाही. काय खायचं?" याचं उत्तर जगभराची यादी करून देता येईल, पण तशा याद्या गुगलवर पोत्यानं पडल्यात. मी एकाच प्रकारच्या हॉटेलाबद्दल बोलतो. पेरू देशाच्या लोकांचं, गल्लीतलं, साधं हॉटेल. जिथं टेबलावर प्लास्टिकचं कापड असतं आणि भिंतीवरच्या टीव्हीवर फुटबॉल चालू असतो, तसलं.

पेरू म्हटलं की आधी फळ आठवतं. आता गंमत अशी की आपल्याकडं वऱ्हाडात त्या फळाला पेरू म्हणतच नाहीत, जाम म्हणतात. पुण्याला हॉस्टेलवर मी "जाम आणले का रे?" विचारलं की पोरं ब्रेड घेऊन यायची. पेरू हे नाव कुठून आलं याबद्दल दोन मतं आहेत. कोणी म्हणतं देशाच्या नावावरून, कोणी म्हणतं पोर्तुगीज भाषेत नासपतीला 'पेरा' म्हणतात त्यावरून. भांडण कोणतंही जिंको, फळ मुळात अमेरिका खंडातलं आणि इकडं आलं पोर्तुगीजांच्या काळात, एवढं पक्कं. म्हणजे नाव घेऊन आपण त्या देशाला शंभरदा हाक मारतो आणि त्यांच्या जेवणाची एक चव माहीत नसते.

तुम्ही रील्स बघत असाल तर लिमा शहरातल्या मोठमोठ्या रेस्टॉरंटांबद्दल ऐकलं असेल. जगातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांची जी यादी निघते, तिच्यात 2023 मध्ये लिमाचं 'सेन्ट्राल' पहिलं आलं आणि 2025 मध्ये लिमाचंच 'माइदो'. तिथं दगडावर एक पान, पानावर एक ठिपका, असं जेवण येतं. मला त्यात रस नाही असं नाही. पण माझ्या मते कोणत्याही मुलखाचं जेवण समजून घ्यायचं तर तिथल्या माणसांनी तिथल्याच माणसांसाठी उघडलेल्या खानावळीत जावं. तिथं बाहेरच्या गिऱ्हाइकाला खूश करायची घाई नसते. तिखट कमी करत नाहीत, भात कमी वाढत नाहीत.

मी न्यू जर्सीत जर्सी सिटीला राहतो. तिथून होबोकनला जायचं, न्यू जर्सी ट्रान्झिटच्या मेन लाइनची गाडी पकडायची, पाऊणएक तासात पॅटरसन. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला एडिसन ठाऊक असतं, तिथली भाजी, मिठाई, साड्या ठाऊक असतात. पॅटरसनला फारसं कोणी जात नाही. जुनं गिरणीगाव आहे. पसेइक नदीचा मोठा धबधबा आहे, त्या पाण्याच्या जोरावर तिथं 1790 च्या दशकात कारखाने उभे राहिले आणि पुढं रेशमाच्या गिरण्यांमुळं त्याला रेशीमनगरीच म्हणायला लागले. विसाव्या शतकात, साठच्या दशकापासून, कापडगिरण्यांत काम करायला पेरूची माणसं आली. गिरण्या गेल्या, माणसं राहिली. आज अमेरिकेतल्या पेरूवासीयांच्या सगळ्यात मोठ्या वस्त्यांमध्ये पॅटरसनचं नाव येतं. पेरूचा वकिलातीचा दफ्तर तिथं आहे, आणि मार्केट स्ट्रीटच्या भागाला 2016 साली अधिकृतपणे 'पेरू स्क्वेअर' नाव दिलं गेलं. लोक त्याला छोटं लिमाही म्हणतात.

आई-बाबा मार्चमध्ये माझ्याकडं आले होते. तूर निघाली, हरभरा निघाला, की मृगापर्यंत वावर रिकामं. तेवढीच सवड. बाबांनी विमानात बसण्याआधीच सांगितलं होतं, "सात जूनच्या आंधी मले नांदगावात पायजे." तर एका रविवारी त्यांना घेऊन पॅटरसनला गेलो. आधी धबधबा दाखवला. आई म्हणाली, चिखलदऱ्याचा चांगला. मग जेवायला.

आता कामाचं बोलू. अशा हॉटेलात शिरल्यावर काय मागवायचं?

मांसाहारी असाल तर फार डोकं लावू नका. 'पोयो आ ला ब्रासा' म्हणा. पोयो म्हणजे कोंबडी, ब्रासा म्हणजे निखारे. अख्खी कोंबडी जिरं, लसूण, मिरे, सोया सॉस वगैरेत मुरवतात आणि कोळशावर फिरत्या सळ्यांना लावून भाजतात. काउंटरमागं ती भट्टी दिसते. पाव, अर्धी, पूर्ण अशी विकतात. 'क्वार्तो' म्हणजे पाव. सोबत बटाट्याचे जाड काप तळलेले, थोडी कोशिंबीर आणि वाट्यांमध्ये चटण्या. हे ऐकून वाटेल की इंका राजांच्या काळापासून चालत आलं असेल. तसं नाही. लिमाजवळ रॉजर शूलर नावाच्या एका स्विस माणसानं 1950 साली ही कोंबडी विकायला सुरुवात केली आणि फिरत्या सळ्यांची भट्टी बनवायला फ्रान्झ उल्रिख या दुसऱ्या स्विस माणसाची मदत घेतली. आज पेरूत या कोंबडीचा स्वतंत्र राष्ट्रीय दिवस असतो, जुलैचा तिसरा रविवार. परंपरा म्हणजे हजार वर्षांचीच पाहिजे, असा आपला एक हट्ट असतो ना, त्यावर मला हे उत्तर फार आवडतं.

बाबा कोंबडी खातात. सोमवार, शनिवार आणि श्रावण सोडून. रविवार होता, म्हणून त्यांचं काम सोपं झालं.

आई माळकरी. तिचं काम अवघड. ज्यांच्या घरी कोणी शाकाहारी आहे त्यांनी हे नीट ऐका, कारण इथंच आपली माणसं फसतात आणि मग "बाहेरचं काही खाता येत नाही" म्हणून कायम डब्यावर राहतात. स्पॅनिश बोलणाऱ्या हॉटेलात नुसतं 'सिन कार्ने' म्हणून चालत नाही. 'सिन' म्हणजे शिवाय, 'कार्ने' म्हणजे मांस, पण बोलण्यात कार्ने म्हणजे बहुतेकदा गाईबैलाचं मांस. कोंबडी त्यात धरतीलच असं नाही, मासे तर नाहीतच. म्हणून तिन्ही म्हणायचं: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो. एवढ्यावर थांबू नका. घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी आहे का विचारा, तिला 'मान्तेका' म्हणतात. भात किंवा सूप कोंबडीच्या पाण्यात शिजवलंय का विचारा, त्या पाण्याला 'काल्दो' म्हणतात. हिरव्या चटणीत बहुतेक वेळा मेयोनेज असतं, म्हणजे अंडं आलं. आणि जे बैलाचं मांस खात नाहीत त्यांच्यासाठी: 'लोमो साल्तादो' हा तिथला सगळ्यात लाडका पदार्थ गोमांसाचा असतो, पण तोच प्रकार कोंबडीचा 'पोयो साल्तादो' म्हणून मिळतो. 'आन्तिकूचो' नावाच्या सळईवरच्या तुकड्यांवर तर कोळशाचा असा काही वास सुटलेला असतो की बोट तिकडंच जातं, पण ते बैलाचं काळीज असतं. कोणी काय खावं हे मी सांगत नाही. काय खातोय ते माहीत असावं, एवढंच.

विचारायला लाजू नका. त्या दिवशी वाढायला मालकांची मुलगी होती, कॉलेजात शिकणारी. मी यादी वाचत गेलो, ती आत जाऊन स्वयंपाकघरात विचारून आली. उसळीत मान्तेका नव्हता. मग आईसाठी 'ताकू ताकू' सांगितलं. कालचा भात आणि कालची घेवड्याची उसळ एकत्र करून, लसूण-कांद्याच्या फोडणीत परतून, तव्यावर खरपूस लाटा करतात तो हा पदार्थ. पेरूत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन माणसांच्या स्वयंपाकातून तो आला असं मानतात. उरलेलं टाकायचं नाही, हे ज्यांना परवडत नव्हतं त्यांचं जेवण. आईनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "शिळ्या भाताले फोडनी देली यायनं. आन् पैसे घेतात?" खाल्लं मात्र सगळं.

तिला दुसरी प्लेट आली 'पापा आ ला वान्काइना'. पापा म्हणजे बटाटा. थंड उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या आणि वर पिवळाजर्द दाट सॉस. चीज, दूध, बिस्किटं आणि पिवळी मिरची वाटून तो करतात. दिसायला थेट आलूवर चून ओतल्यासारखं. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांसाठी, चून म्हणजे तुमचं पिठलं. आईला ते गार असल्याचं काही पटलं नाही. मलाही फार नाही. सगळंच आवडलं पाहिजे असं कुठं आहे?

आता त्या पिवळ्या मिरचीकडं येतो, कारण खरी मजा तिथं झाली.

टेबलावर तीन वाट्या होत्या. एक हिरवी, तिच्यात सांबार. आपला सांबार, म्हणजे कोथिंबीर, इडलीचा नाही. एक लालसर. आणि एक पिवळी, नारिंगीकडं झुकणारी. बाजूच्या फळीवर तीच विकायला बाटल्यांमध्ये ठेवली होती. बाबांनी बाटली उचलली, चष्मा वर केला आणि इंग्रजी अक्षरं जुळवून मोठ्यानं वाचलं, "आ-जी." मग माझ्याकडं बघून, "आजी?" स्पॅनिशमध्ये त्या 'ज'चा उच्चार 'ह' होतो, म्हणून ती 'आही', 'आही आमारियो', पिवळी मिरची. पण बाबांनी ते ऐकूनच घेतलं नाही. तेव्हापासून घरात ती आजीच आहे. "आजी दे जरा इकडं." बोटावर घेऊन चाटली, डोळे मिटले आणि म्हणाले, "तिखी हाय, पन भांडखोर नाई."

याहून नेमकं वर्णन मी कोणत्या फूड ब्लॉगवर वाचलेलं नाही. तिला फळासारखा एक वास आहे, आणि तिखटपणा जिभेला झोंबून लगेच उतरतो. याला कारण आहे. आपण ज्या मिरच्या खातो त्या बहुतेक सगळ्या ज्या जातीच्या, तिचं माहेर मेक्सिको. ही पिवळी दुसऱ्या जातीची, पेरू-बोलिव्हियाकडची. म्हणजे आपल्या ठेच्यातल्या मिरचीची ही बहीण नाही, चुलत बहीण.

असं बरंच काही त्या टेबलावर होतं. लोक सरसकट म्हणतात, "बटाटा, टोमॅटो, मिरची सगळं पेरूवरून आलं." इतकं सोपं नाही. बटाटा खरोखर तिथल्या डोंगरातला. पेरू आणि शेजारच्या अँडीज मुलखात त्याच्या हजारो जाती आहेत आणि बटाट्यावर संशोधन करणारं आंतरराष्ट्रीय केंद्र 1971 पासून लिमातच आहे. टोमॅटोचे रानटी पूर्वज त्या बाजूचे, पण त्याची शेती बहुधा मेक्सिकोत रुजली. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. पेरूत सिपान नावाच्या ठिकाणी 1987 मध्ये वाल्तेर आल्वा या पुरातत्त्वज्ञानं एका मोचे राजाची कबर उकरली, त्यात सोन्या-चांदीच्या शेंगांचा हार सापडला. भुईमुगाच्या शेंगा, टरफलावरच्या रेघांसकट. अर्धे मणी सोन्याचे, अर्धे चांदीचे. मी फोनवर फोटो काढून बाबांना दाखवला. आम्ही भुईमूग पेरायचो तेव्हा रानडुकरांनी रात्रीतून तास उकरून टाकले होते, मग सोयाबीनवर आलो. बाबा फोटोकडं बघत राहिले आणि म्हणाले, "याच्याकडं डुक्कर नसतीन."

राजगिऱ्याचा सख्खा भाऊ तिथं 'किविचा' नावानं खातात, लाह्या करून गोड पाकात वड्याही बांधतात. आपल्या सीताफळाचं भावंड, ज्याला आपण हनुमानफळ म्हणतो, ते तिथं 'चिरिमोया'. मका तर विचारू नका. बसल्या बसल्या समोर येतो तो 'कान्चा', तेलात भाजलेला मका, धड लाही नाही आणि धड दाणा नाही. फुटाण्यासारखा खात बसायचा. जांभळ्या मक्याचं सरबत मिळतं, 'चिचा मोरादा'. मका, अननसाची सालं, दालचिनी, लवंग उकळून, गाळून, लिंबू पिळून. आईनं दोन ग्लास घेतले. मी 'इन्का कोला' घेतला. 1935 पासूनचं तिथलं पिवळं सोडावॉटर, चव बबलगमची. एकदा प्यायला ठीक.

आणि हो, त्यांचं चायनीज. मेन्यूत 'चाउफा' दिसला तर तो फ्राइड राइसच. 1849 पासून चिनी मजूर पेरूत ऊस आणि खताच्या कामावर नेले गेले, त्यांच्या खानावळींना तिथं 'चिफा' म्हणतात. भाज्यांचा चाउफा शाकाहारी माणसाला बरा पडतो, अंडं सोडून सांगायचं. आपल्या चौकातल्या चायनीजच्या गाडीचं आणि चीनचं जेवढं नातं, त्यापेक्षा यांचं जरा जवळचं.

हे सगळं खात असताना मला एक गोष्ट टोचत होती. गिरणीत काम करायला आलेल्या माणसांनी एवढ्या खानावळी उघडल्या. आपण वऱ्हाडातून काय थोडे बाहेर पडलो? हिंजवडीत एका मजल्यावर अमरावती, अकोला, यवतमाळची दहा-दहा पोरं असतात. पण रोडगे, वांग्याची भाजी, पातोडीचा रस्सा, कढी-गोळे मिळेल अशी जागा शोधायला गेलं तर हाताची बोटं उरतात. गिला वडा खायला अमरावतीच गाठावी लागते. मला वाटतं कारण असं आहे की आपण बाहेर पडलो ते नोकरीचं पत्र घेऊन. पत्र नसतं तर कोणीतरी कढई मांडलीच असती. असो, हा वेगळ्या एपिसोडचा विषय आहे.

जेवण उरकत आलं तेव्हा मालक स्वतः टेबलाशी आले. साठीतला माणूस, टोपी, हातावर भाजल्याचे डाग. बाबा पिवळी चटणी नुसती खाताहेत हे त्यांनी आतून बघितलं होतं. मुलीला मध्ये घातलं. ते स्पॅनिशमध्ये बोलणार, ती इंग्रजीत सांगणार, मी वऱ्हाडीत. परत जाताना उलटं. ते मूळचे वान्कायोकडचे. समुद्रसपाटीपासून सव्वातीन हजार मीटरवरचं शहर, आजूबाजूला बटाटा आणि मक्याची शेती. शेतकरी म्हटल्यावर बाबा खुर्चीत पुढं सरकले.

"किती वावर हाय?"

दोन हेक्टर. मी पाच एकर सांगितलं.

"पानी कशाचं?"

पावसाचं, आणि वरून येणारा एक पाट.

"आलूले भाव काय भेटते?"

मालक हसले आणि हातानं काहीतरी जमिनीवर टाकल्यासारखं केलं. त्याचं भाषांतर कोणी केलं नाही.

मग बाबांनी विचारलं, "आता वावर कोन वाह्यते?"

मी इंग्रजीत सांगितलं. मुलीनं स्पॅनिशमध्ये सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज जरा खाली आला. मालकांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. आधी भाऊ बघायचा. त्याचे गुडघे गेले. आता कोणी नाही. शेजाऱ्याला दिलंय, त्यानं निलगिरी लावली.

बाबा म्हणाले, "निलगिरी लय पानी पेते."

ते भाषांतर होऊन तिकडं पोहोचलं तेव्हा मालकांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकच शब्द दोनदा म्हणाले, 'सी, सी.' हो, हो. मुलगी म्हणाली, मी तिथं एकदाच गेलेय, सात वर्षांची असताना.

मालक आत गेले आणि न मागता एक बशी पाठवली. 'पिकारोनेस'. रताळं आणि कोहळं शिजवून पिठात मळतात, बोटानं भोक पाडून कढईत सोडतात, आणि वर 'चान्काका'चा पाक. चान्काका म्हणजे गूळच, ढेपेत मिळणारा. आईनं एक तुकडा मोडला, वास घेतला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा अमेरिकेतल्या कोणत्या पदार्थाला आपणहून नाव दिलं: "कोहळ्याचे बोंडं!" पश्चिम महाराष्ट्रातले लोक याला घारग्यांच्या जवळचं म्हणतील. आम्ही बोंडं म्हणतो आणि आम्हीच बरोबर आहोत. तिनं मुलीला खुणेनं विचारलं, पाकात बडीशेप आहे ना? ती आत जाऊन विचारून आली. तशाच वासाचं बी होतं. निघताना दाराशी जांभळ्या कपड्यातल्या ख्रिस्ताचं चित्र होतं, लिमाचा चमत्कारांचा देव. सतराव्या शतकात मातीच्या भिंतीवर काढलेलं मूळ चित्र 1655 च्या भूकंपात भिंतीसकट टिकलं म्हणून त्याची एवढी ख्याती. आईनं चप्पल काढली, हात जोडले, चप्पल घातली.

बिलावर अठरा टक्के टीप ठेवली. बाबांनी त्याचे रुपये करून बघितले आणि काही बोलले नाहीत, यावरून मला कळायला पाहिजे होतं की डोक्यात दुसरं काही चालू आहे.

परतीच्या गाडीत सीकॉकसच्या आधी कुठंतरी ते म्हणाले, "यंदा अर्धं मक्त्यानं देलं. पुढच्या सालापासून पुरंच देऊन टाकाव का?"

मी एकटा मुलगा. बहीण अकोल्याला, तिच्या घरी तिचं वावर आहे. ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठी किती लांब आहे हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. परत यायचं की नाही, कधी, हे मी स्वतःलाही सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "पाहू."

बाबा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "पाहू म्हनलं का निलगिरी लागते, राजा."

आई झोपली होती, किंवा तसं दाखवत होती.

पुढं आम्ही तो विषय काढला नाही. तीन वेळा परत गेलो त्याच हॉटेलात. दुसऱ्या वेळी मालकांनी बाबांसाठी पिवळ्या मिरचीची वाटी आधीच आणून ठेवली. तिसऱ्या वेळी बाबांनी फोनवर आपल्या तुरीचा फोटो दाखवला, आणि दोघं दुभाष्याशिवाय बराच वेळ बोलले. काय बोलले ते दोघांनाच माहीत. पेरूतल्या शेतकऱ्याला तूर दाखवून काय सांगता येतं, मला अजून कळलेलं नाही.

जाण्याच्या आदल्या आठवड्यात बाबांनी मालकांकडून त्या मिरचीचं बी मागून घेतलं. कागदात बांधून, खिशात. ते मात्र मी काढून ठेवलं. बियाणं असं खिशातून भारतात आणता येत नाही. 2003 चा प्लांट क्वारंटाइनचा आदेश आहे, परवाना लागतो, तपासणी लागते. बाहेरचं बी आपल्यासोबत रोग घेऊन येऊ शकतं. बाबांना हे समजावायला दोन वाक्यं पुरली, कारण बोंडअळीनं काय केलं ते त्यांनी स्वतःच्या वावरात बघितलंय. "मंग ठेव," म्हणाले. बी माझ्या जर्सी सिटीच्या फ्लॅटमध्ये ड्रॉवरमध्ये आहे. बाटल्या मात्र दोन आणल्या, चेक-इनच्या बॅगेत, मोजे आणि टॉवेलमध्ये गुंडाळून.

त्यातली एक इथं संपत आली. शेजारच्या काकूंनी ती आलूच्या भाजीत घालून बघितली आणि फिकी म्हणाल्या. बाबा ती भाकरीवर तेल टाकून खातात, वर भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट. मी या वर्षी सुट्टी टाकून त्यांच्यासोबतच आलो. आज आठ जून, मृग लागलाय, आभाळ आहे पण पाऊस नाही. पेरायची घाई करू नका असं कृषी विभाग सांगतोय आणि बाबाही तेच सांगताहेत, म्हणजे दोघांचं यंदा जमलंय.

तर ज्यांनी प्रश्न विचारला होता त्यांच्यासाठी: दोघं असाल तर अर्धी कोंबडी, एक भाज्यांचा चाउफा, एक चिचा मोरादा आणि शेवटी पिकारोनेस. एकटे असाल तर क्वार्तो. तिन्ही वाट्या मागा, पिवळी दोनदा. काउंटरवर कोणी म्हातारं माणूस बसलेलं असेल तर गाव विचारा.

बाबा खालून आवाज देताहेत, वावरात जायचंय, धुऱ्यावरचं काम आहे. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू.